एका सांच्यांतून अनेक पानें

शाळा सोडल्याचा दाखला आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेला असेल. शाळेचें नांव, रकाने व मुख्याध्यापकांच्या सहीची जागा हीं त्यावर आधींच छापलेलीं असतात. विद्यार्थ्याचें नांव, जन्मतारीख व इयत्ता तेवढीं मागाहून भरावयाचीं. पुण्याच्या पेठांतील छापखान्यांत लग्नपत्रिकाही याच रीतीनें तयार होतात. गणपतीचें चित्र व निमंत्रणाचा ठरीव मजकूर तोच राहतो. वधूवरांचीं नांवें आणि मुहूर्त बदलतात. जें कायम तें एकदांच करावें आणि जें बदलतें त्यासाठीं जागा मोकळी ठेवावी, हें तत्त्व आपणांस नवें नाहीं. तेंच संकेतस्थळास कसें लावावें, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

इ. स. १९९१ मध्यें टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंतून वेब जगापुढें ठेविलें, तेव्हां सामान्यतः पान म्हणजे एचटीएमएल या खुणांच्या भाषेंत लिहिलेली एक स्वतंत्र फाइल असे. अशा पानास स्थिर पान म्हणतात. तें झटकन् उघडतें व सहसा बिघडत नाहीं; दोन-चार पानांचेंच काम असेल तर हा मार्ग उत्तम होय. परंतु समजा, एखाद्या शाळेचीं अशीं चाळीस पानें आहेत आणि प्रत्येकाच्या तळाशीं कार्यालयाचा फोन नंबर आहे. नंबर बदलला कीं चाळीस फाइली उघडाव्या लागतात. एकोणचाळीस दुरुस्त झाल्या व एक राहिली, तर नेमकें तेंच पान पाहणारा पालक बंद नंबर फिरवीत बसतो. परीक्षेच्या तारखेच्या बाबतींत असें झालें, तर विद्यार्थ्याचें नुकसान होतें. शिवाय खुणांची भाषा जाणणारा माणूस एखादाच असतो. तो निघून गेला म्हणजे पानें जशींच्या तशीं थिजून राहतात.

या अडचणीवरील उपाय म्हणजे आशय-व्यवस्थापन प्रणाली. तींत मजकूर डेटाबेसमध्यें राहतो व मांडणी सांच्यांत राहते. वाचकानें पान मागितलें कीं प्रणाली दोहोंचा मेळ घालून तें तयार करून देते. ड्रुपल २००१ सालीं, वर्डप्रेस २००३ सालीं व जुम्ला २००५ सालीं पुढें आली. यांपैकीं ‘जुम्ला’ हें नांव स्वाहिली भाषेंतील असून मूळ अरबी आहे. एकंदर या अर्थाचा आपला ‘जुमला’ त्याच कुळांतला. मराठी विकिपीडियावर तर अशा भागांस ‘साचा’ असेंच म्हणतात, आणि एक साचा सुधारला म्हणजे तो जेथें जेथें वापरला आहे तीं सर्व पानें सुधारतात.

आतां कृतीकडे वळूं. उदाहरणासाठीं वर्डप्रेस घेतों. प्रथम जुन्या संकेतस्थळाचीं तीन-चार पानें कागदावर छापून शेजारीं शेजारीं ठेवावींत. सर्वांत सारखें असेल त्याखालीं तांबडी रेघ व निराळें असेल त्याखालीं निळी रेघ ओढावी. बहुधा वरचा भाग, म्हणजे नांव व मेनू, आणि तळचा भाग तांबडे निघतात. मधला निळा निघतो. वरचा भाग ‘हेडर’ नांवाच्या फाइलींत, तळचा ‘फूटर’ नांवाच्या फाइलींत व मधला ‘इंडेक्स’ नांवाच्या फाइलींत ठेवावा. ‘स्टाइल’ नांवाच्या चौथ्या फाइलींत रंग व अक्षरांचे आकार जातात. तिच्या आरंभीं या सांच्याचें नांव लिहावें.

यानंतर मधल्या भागांतील प्रत्यक्ष शब्द काढून त्यांच्या जागीं आज्ञा घालाव्या. मथळ्याच्या जागीं ‘द-टायटल’, मजकुराच्या जागीं ‘द-कंटेंट’. आणि जितक्या नोंदी असतील तितक्या वेळां हें व्हावें म्हणून त्यांभोवतीं ‘लूप’, म्हणजे आवर्तन. दोन गोष्टी नवशिके हमखास विसरतात. एक, ‘हेड’ हा अदृश्य विभाग संपण्यापूर्वीं ‘डब्ल्यूपी-हेड’ व ‘बॉडी’ संपण्यापूर्वीं ‘डब्ल्यूपी-फूटर’ ही आज्ञा हवी; त्यांवांचून जोडलेलीं प्लगिनें नीट चालत नाहींत. दुसरी, फाइली जागा बदलतात म्हणून चित्रांचे जुने पत्ते तुटतात. ते नव्यानें द्यावे लागतात. जानेवारी २०२२ मध्यें आलेल्या ५.९ या आवृत्तीपासून सांचे पडद्यावरच ठोकळे मांडून रचण्याचीही सोय झाली आहे. तरी तांबड्या-निळ्या रेघांचा विचार माणसासच करावा लागतो.

आमच्या मतें खरी कसोटी तेथेंच आहे. फोन नंबर सर्व पानांवर सारखा दिसतो म्हणून तो सांच्यांत कायमचा कोरावा काय? नाहीं, कारण तो उद्यां बदलेल, आणि बदलणाऱ्या कारकुनास सांच्याची फाइल उघडतां येणार नाहीं. आज सारखें असणें वेगळें आणि कायम असणें वेगळें, हा भेद ज्यास कळला त्यास ही विद्या अर्धी साधली.

मराठी पानांविषयीं एक सूचना अवश्य केली पाहिजे. पुण्यांत १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें भारतीय लिप्या संगणकावर आणण्यासाठीं मोठें काम केलें. १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें. तथापि युनिकोड रूढ होण्यापूर्वीं निरनिराळ्या फाँटांत लिहिलेला मजकूर, तो फाँट नसला कीं अर्थहीन रोमन अक्षरांसारखा दिसतो. तो आधीं युनिकोडमध्यें पालटून, एकेक ओळ वाचून तपासावा. जोडाक्षरें व रफार यांत दोष राहतात. सूचनेचें चित्र काढून तें चिकटवूं नये. चित्रांतील अक्षरें शोधांत सांपडत नाहींत, आणि ऐकून वाचणाऱ्या अंध वाचकास तीं सहसा मुकीं राहतात.

हें सर्व काम आधीं प्रतीवर करावें. मूळ फाइली जपून ठेवाव्या. जुन्या पानाचा पत्ता बदलल्यास त्यावरून नव्या पानाकडे वाट लावून द्यावी, नाहींतर पालकांनीं जपून ठेवलेले दुवे फुकट जातात.

वर्डप्रेस विनामूल्य आहे व घरच्या संगणकावरही बसवितां येतें; तेव्हां वरच्या इयत्तांच्या विद्यार्थ्यांनीं सुटींत हा प्रयोग करून पाहावा. सांचा नीट झाला म्हणजे मराठीचे शिक्षक स्पर्धेचा निकाल आणि कार्यालयांतील कारकून परीक्षेची तारीख स्वतःच्या हातानें लावूं शकतात. ज्यानें सांचा केला त्याची वाट कोणास पाहावी लागूं नये, यांतच त्याच्या कामाचें यश आहे.