शिष्यवृत्ती कुणाची, कधी आणि कशासाठी?

दिवाळी झाली की पुण्या-नगरकडच्या सेमिनरींतल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. "ताई, बी.डी. संपत आलीय. ईश्वरविज्ञानाचं पुढचं शिक्षण बाहेर घ्यायचंय. शिष्यवृत्ती कुठे मिळते?" हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. जिनिव्हाजवळ बोसे इथे जागतिक चर्च परिषदेची 1946 पासून चालत आलेली एक्युमेनिकल इन्स्टिट्यूट आहे. डॉक्टरेट करून मायदेशी शिकवायला परतणाऱ्या इव्हँजेलिकल अभ्यासकांसाठी जॉन स्टॉट यांनी सुरू केलेली लँगहॅम शिष्यवृत्ती आहे. केंब्रिजमध्ये कुठल्याही विषयाला, म्हणजे आपल्या विषयालाही, गेट्स शिष्यवृत्ती चालते. अमेरिकेतल्या मोठ्या सेमिनरी आणि डिव्हिनिटी स्कूल बहुतेक मदत स्वतःच्याच निधीतून देतात. ही नावं कुणीही सांगेल. माझी दमछाक झाली ती मंजुरीचं पत्र हातात आल्यानंतर, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

माझ्या पत्रात शंभर टक्के शिक्षणशुल्क माफ असल्याचं लिहिलं होतं. आमच्या मंडळीत पेढे वाटून झाले. मग अमेरिकेच्या व्हिसासाठी लागणारा आय-20 हा कागद आला. त्यात दोन बाजू असतात. एकीकडे वर्षाचा खर्च : शुल्क, राहणं-जेवण, सोबत कुटुंब असेल तर त्यांचा खर्च, इतर. दुसरीकडे तो कुठून भागणार : स्वतःचे पैसे, संस्थेची मदत, इतर कुणाची मदत. दोन्ही बेरजा जुळाव्या लागतात. शुल्काची ओळ फिटली होती, पण राहणं-जेवण आणि आरोग्यविमा मिळून कित्येक हजार डॉलर उघडे पडले होते. शिवाय सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणीचं 350 डॉलरचं शुल्क, व्हिसाचं शुल्क आणि तिकीट हे सगळं पदरचं. त्यामुळे पत्र आलं की पहिलं विचारा : "माफ झालेलं सोडून माझ्याकडून वर्षाला किती लागणार, आणि दुसऱ्या वर्षीही हीच मदत राहणार का?" उत्तर ईमेलवर लेखी घ्या.

उरलेली रक्कम आपल्याकडच्या एका ख्रिस्ती न्यासाने कबूल केली होती. माणसं भली होती, पत्रही खरं होतं. पण त्यांचा पैसा परदेशातून यायचा आणि त्यांची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी नूतनीकरणात अडकली. ही नोंदणी पाच वर्षांची असते. ती किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसेल तर संस्थेला परदेशी देणगी घेताच येत नाही. 2020 च्या दुरुस्तीनंतर ही देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते आणि एका संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. पूर्वी एखादी मोठी मिशन संस्था लहान सेमिनरीला पैसे द्यायची आणि सेमिनरी विद्यार्थ्याला. ती वाट आता बंद आहे. माझं सेमिस्टर सुरू झालं, घरभाडं थकलं, आणि न्यासाकडून येत राहिली ती फक्त दिलगिरीची पत्रं.

यातली दिलासा देणारी बाब पुष्कळांना ठाऊक नसते. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात शिष्यवृत्ती आणि विद्यावेतन यांना सूट आहे. परदेशी विद्यापीठाने तुमच्या नावाने थेट दिलेल्या शिष्यवृत्तीला नोंदणीचं बंधन नाही. म्हणून देणाऱ्याला सांगून बघा : शक्य असेल तर मदत थेट विद्यापीठात माझ्या खात्यावर भरा, मधे कुणी नको. मधे संस्था असणारच असेल, तर तिची नोंदणी कुठल्या तारखेपर्यंत आहे हे विचारायला लाजू नका.

मंडळीचं शिफारसपत्र ही आणखी एक अडचण. चर्चशी जोडलेल्या बहुतेक शिष्यवृत्त्यांना ते लागतंच. मी दीक्षित नाही, पाळकही नाही. बिशपसाहेबांच्या कार्यालयात माझा अर्ज बराच काळ पडून होता, कारण आधी पाळकपदाच्या उमेदवारांची नावं जायची असा तिथला रिवाज. मुलींनी आणि दीक्षा न घेतलेल्यांनी हे पत्र मुदतीच्या कितीतरी आधी मागावं. सोबत मसुदा तयार करून न्यावा आणि परत येऊन काय करणार ते चार ओळींत मांडावं. बिशपसाहेबांना नकार द्यायचा नसतो. बहुतेकदा त्यांच्या टेबलापर्यंत कागदच पोचलेला नसतो.

इंटर्नशिपसाठीही कागद आधी लागतात. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला 20 तास काम करता येतं. बाहेरच्या चर्चमध्ये किंवा रुग्णालयात पगारी इंटर्नशिप करायची तर आधी सीपीटी नावाची परवानगी आय-20 वर नोंदवून घ्यावी लागते, आणि साधारणपणे ती एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावरच मिळते. "चर्चचीच तर सेवा आहे, परवानगी कसली?" असं एका भल्या पाळकांनी मला विचारलं होतं. कायदा सेवा आणि नोकरी यांत तुमच्या भावनेवरून फरक करत नाही. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने वापरली की पदवीनंतरची ओपीटीची, म्हणजे तिथेच काही काळ काम करण्याच्या परवानगीची, संधीही जाते. रुग्णालयातल्या पाळकीय सेवेच्या प्रशिक्षणाचं, म्हणजे सीपीईचं, एक युनिट 400 तासांचं असतं, आणि पुष्कळ ठिकाणी त्याची फी आपणच भरायची असते. हाच अनुभव आधी भारतात घ्यायचा असेल, तर वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात सोय आहे.

युरोपातल्या एखाद्या अभ्यास-परिषदेच्या प्रवासखर्चाबाबत थोडक्यात सांगते. "ट्रॅव्हल ग्रँट" बहुतेकदा नंतर मिळते. तिकीट, शेंगेन व्हिसाचे 90 युरो आणि किमान 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा हे सगळं आधी तुम्ही भरायचं. व्हिसा नाकारला गेला तर शुल्क परत येत नाही. बोर्डिंग पासपासून बसच्या तिकिटापर्यंत प्रत्येक कागद जपा. माझी भरपाई एका हरवलेल्या पावतीसाठी बराच काळ अडली होती. आगाऊ रक्कम द्याल का, असं विचारून तरी पाहा. कधीकधी देतात.

देणाऱ्याच्या अटी हा काही आजचा प्रश्न नाही. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी 1887 मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. मदत दहा वर्षांसाठी होती आणि शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील अशी अट होती. 1889 मध्ये ही शाळा, म्हणजे शारदा सदन, सुरू झाली. पुढे मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्यावरून वाद पेटला आणि 1893 मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. मुदत संपत आली तेव्हा, 1898 मध्ये, रमाबाईंना मदतीची नवी घडी बसवायला पुन्हा अमेरिकेला जावं लागलं. तुमच्या पत्रातही मुदत आणि अट असणारच. परत येऊन किती वर्षं कुठे काम करायचं, मधेच विषय बदलला तर काय, लग्न किंवा बाळंतपणामुळे खंड पडला तर काय, हे सहीच्या आधी वाचा.

राहता राहिलं कर्ज. मी बँकेत गेले तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हे शिकून पगार किती मिळेल?" तेव्हा राग आला, पण प्रश्न रास्त होता. डॉलरमध्ये झालेला खर्च गावच्या मंडळीत मिळणाऱ्या मानधनातून फिटत नाही. म्हणून नामांकित ठिकाणची अर्धी मदत आणि साध्या ठिकाणची पूर्ण मदत यांतून निवडायचं झालं, तर बेधडक दुसरी घ्या. दोन्ही नसतील तर प्रवेश वर्षभर पुढे ढकलून मागा, आणि त्या वर्षात पुन्हा अर्ज करा. ईश्वरविज्ञान वर्षभर थांबू शकतं. घरमालक थांबत नाही.