तळघराला ऊब कोठून द्यावी?

अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरी जानेवारीत पारा उणे २० अंश सेल्सियसपर्यंत उतरतो. तेथे वरची सुमारे १ मीटर जमीन गोठते. गोठताना पाणी प्रसरण पावते आणि माती उचलली जाते, म्हणून घराचा पाया त्याहून खोल न्यावा लागतो. एवढे खणायचेच, तर तेथे खोलीच का करू नये? अशा विचाराने तिकडे घरोघरी तळघरे आली. आपल्यापैकी कोणाचे नातलग तिकडे असतील, तर त्यांना विचारून पाहा. तळघर कसे तापवावे हा तेथे घराघरांतला प्रश्न असतो.

दुकानात शेगड्या पाहण्यापूर्वी थोडे गणित करू. तळघर १० मीटर लांब व ८ मीटर रुंद आहे, आणि भिंतींचा अर्धा मीटर भाग जमिनीच्या वर आहे असे समजा. परिघ ३६ मीटर, म्हणजे उघड्या भिंतीचे क्षेत्रफळ १८ चौरस मीटर. आत २० अंश, बाहेर उणे २०; फरक ४० अंशांचा. काँक्रीटची जाडी २० सेंटिमीटर आणि उष्णतावाहकता १.७ धरली, तर उष्णतारोध ०.२ ÷ १.७ = ०.१२. आतबाहेरच्या हवेच्या पातळ थरांचा रोध ०.१७ मिळवून ०.२९.

वाया जाणारी उष्णता = १८ × ४० ÷ ०.२९ = सुमारे २,५०० वॉट.

आता भिंतीवर ५ सेंटिमीटर जाडीचे पॉलिस्टायरिनचे तक्ते लावू. त्यांची वाहकता अवघी ०.०३५, रोध १.४३ ने वाढून १.७२ होतो आणि गळती ४२० वॉटवर येते, म्हणजे एकषष्ठांश! जमिनीखालच्या भागाची स्थिती बरी असते. खोलवरची माती वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ, येथे सुमारे ८ अंशांवर राहते. तेथे फरक १२ अंशांचाच. म्हणून पहिला खर्च तक्त्यांवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता उष्णतेचे साधन. विजेच्या साध्या तारेची शेगडी सर्वांत स्वस्त व सुटसुटीत. १ युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेवढीच उष्णता मिळते, जास्त नाही. उष्णता पंप मात्र उष्णता तयार करीत नाही, बाहेरची आत आणतो. प्रशीतकाचेच हे उलटे काम. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी ही कल्पना १८५२ साली मांडली. बाहेर उणे २० असताना आदर्श पंपाचा गुणांक २९३ ÷ ४० = ७.३ येतो, प्रत्यक्षात दीड-दोन मिळाले तरी चांगले. हवा सौम्य असली की तोच ३ वर जातो. गॅसच्या उष्णतेपेक्षा विजेची तेवढीच उष्णता तिप्पट महाग असेल, तर गुणांक ३ चा पंप आणि गॅस यांचा खर्च सारखाच पडेल. आपल्या गावचे दर घालून हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

गॅसच्या चांगल्या भट्टीत धुरातील वाफेचे पाणी करून तिची सुप्त उष्णताही वसूल करतात. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या पुढे जाते. पण येथे जरा थांबा. धुराडे नसलेली, केरोसीनवर किंवा गॅसवर जळणारी शेगडी बंद तळघरात कधीही लावू नये. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी चिकटतो. आपल्याकडेही दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली माणसे दगावतात, ती याच वायूने. धुराडे असले तरी निर्धास्त राहू नये. वरच्या मजल्यावरील स्वयंपाकघरातील पंखा हवा बाहेर फेकतो, घट्ट बंद घरात दाब कमी होतो आणि धूर उलटा खाली येऊ शकतो. म्हणून बाहेरची हवा नळीने थेट ज्वालेपाशी आणणारी, चहूबाजूंनी बंद भट्टी घ्यावी आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा झोपण्याच्या जागेजवळ बसवावी.

वर्गात करण्यासाठी एक उदाहरण: तक्त्यांची जाडी ५ ऐवजी १० सेंटिमीटर केली, तर गळती ४२० वॉटवरून कितीवर येईल? पहिल्या ५ सेंटिमीटरांनी वाचविलेल्या वॉटशी ती बचत ताडून पाहा.