अव्यवस्था आणि गुंता

परातींत कणीक तिंबतांना तिच्यांत हळदीचे दोन ठिपके शेजारीं शेजारीं ठेवावे. दहावीस वेळां ताणून दुमडतांच ते कोठच्या कोठें जातात. आरंभींचा केसभर फरक असा झपाट्यानें वाढणें, यास शास्त्रज्ञ अव्यवस्थित गति म्हणतात.

परमाणूंच्या जगांत मात्र एक अडचण येते. तेथील गतीचा नियम श्रोडिंजर यांनीं १९२६ सालीं मांडला. त्याप्रमाणें दोन अवस्थांतील साम्य आरंभीं जेवढें, तेवढेंच अखेरपर्यंत टिकतें. मग ठिपके दूर जाणार कसे? तेथें अव्यवस्था नाहींच कीं काय?

ती आहे, पण निराळ्या रूपानें. परस्परांवर क्रिया केलेल्या दोन कणांची अवस्था पुष्कळदां जोडीनेंच सांगतां येते, एकेकट्याची येत नाहीं. या संबंधास श्रोडिंजर यांनींच १९३५ सालीं गुंता या अर्थाचें नांव दिलें. साऱ्या वर्गाची संपूर्ण गुणपत्रिका हातीं असावी, आणि तींत एकाही विद्यार्थ्याचे गुण नसावेत, असा हा प्रकार!

२०१६ सालीं कॅलिफोर्नियांतील सांता बार्बारा येथील संशोधकांनीं याचा प्रयोग प्रसिद्ध केला. विजेस मुळींच विरोध न करणाऱ्या अतिशीत धातूचे तीन क्यूबिट, म्हणजे दोनच मूळ अवस्था असलेले घटक, त्यांनीं घेतले. तिन्ही एकाच दिशेस वळविले. त्या वेळीं गुंता मुळींच नव्हता. मग प्रत्येकास थोडें फिरवावयाचें व लागलीच परस्परांवर क्रिया करूं द्यावयाची, असे वीस ठोके दिले. हें तिंबणेंच झालें. नंतर एकेका क्यूबिटची अनिश्चितता मोजली, आणि आरंभींची दिशा बदलून बदलून तिचा नकाशा काढला. असेच ठोके खाणाऱ्या भोंवऱ्याचें जुन्या यंत्रशास्त्रानें गणित केलें असतां ज्या दिशांपासून अव्यवस्थित गति निघते, तेथेंच गुंता अधिक आढळला. शांत गतीच्या दिशांस तो कमी. अवघ्या तीन घटकांत हें दिसावें याचें आम्हांस विशेष नवल वाटतें.

कारण असें कीं, अव्यवस्थित गतींत अवस्था एका कोपऱ्यांत न राहतां शक्य त्या सर्व जागीं पसरते. आणि सहज उचललेल्या अशा अवस्थेंत लहान भाग उरलेल्या मोठ्या भागाशीं जवळजवळ पूर्णपणें गुंतलेला असतो, असें डॉन पेज यांनीं १९९३ सालीं गणितानें दाखविलें होतें.

त्याच २०१६ सालीं हार्वर्ड येथें सहा रुबिडियम परमाणूंच्या रांगेवर प्रयोग झाला. रांगेचा लहानसा भाग पाहिला तर तो तापलेल्या पदार्थासारखा अनिश्चित. अख्खी रांग पाहिली तर तिच्यांत ती अनिश्चितता जवळजवळ नव्हतीच.