एफ कॉर्डलाच गिटार बेसूर का होते?

प्रश्न : मुलीसाठी मार्चमध्ये सहा हजारांची अकूस्टिक गिटार ऑनलाइन मागवली. ट्यूनरवर सहाही तारा बरोबर लागतात, पण एफ कॉर्ड धरला की सगळं बेसूर. तारा इतक्या जड लागतात की बोटं सोलवटली आहेत. मे महिन्यापासून तर दांडीवरून हात फिरवला की कडेला टोचतं. इथले एक दुकानदार म्हणाले, “सवय होईल.” क्लासचे सर म्हणाले, “स्वस्त गिटार अशीच असते, चांगली घ्या.” खरं काय मानायचं?
– एक पालक, अमरावती

उत्तर : दोघांचंही अर्धंच खरं आहे. पोलादी तारा नव्या बोटांना टोचतात आणि काही आठवड्यांत कातडी निबर होते, हे बरोबर. पण बोटं निबर झाली म्हणून बेसूर कॉर्ड सुरात येत नाही. आणि स्वस्त आहे म्हणून ती अशीच वाजणार, हेही मला मान्य नाही. तुमच्या मुलीचं वाद्य बहुधा अर्धवट अवस्थेत घरी आलं आहे.

मिरजेच्या तंबोऱ्याचं उदाहरण घ्या. भोपळा, दांडी, खुंट्या, तारा सगळं जागच्या जागी बसलं तरी तंबोरा बोलत नाही. कारागीर घोडीचा माथा घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. अशी जवारी काढल्यावरच तो गाऊ लागतो. वापराने जवारी बिघडली की ती पुन्हा काढून घेतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गिटारीलाही असंच शेवटचं हातकाम लागतं. त्याला सेटअप म्हणतात. वरच्या टोकाच्या नटमधल्या खाचा, ब्रिजवरच्या सॅडलची उंची, दांडीचा बाक आणि फ्रेटची सपाटी या चार गोष्टी एकमेकींशी जुळवून घ्यायच्या असतात. लाकूड यंत्रावर कापता येतं, पण या जुळवाजुळवीला प्रत्येक वाद्यामागे जाणत्या माणसाचा वेळ द्यावा लागतो. किंमत खाली आणायची तर काटछाट होते ती इथेच. शिवाय तारा उंच ठेवलेल्या कारखान्याला सोयीच्या असतात. खाली बसलेली तार फ्रेटला लागून खरखरते, ते दुकानातच ऐकू येतं आणि वाद्य परत येतं. उंच तारेचा त्रास मात्र घरी, शिकणाऱ्याच्या बोटांना होतो.

आता एफ कॉर्डकडे येऊ. नटच्या खाचा पुरेशा खोल नसल्या की तार पहिल्या फ्रेटच्या फार वर राहते. ती फ्रेटपर्यंत दाबताना ताणली जाते, ताण वाढला की सूर चढतो. मोकळ्या तारा सुरात आणि नटजवळचे कॉर्ड चढे, हे या दोषाचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. एफ कॉर्डमध्ये पहिल्या फ्रेटवर सहाही तारा एका बोटाने दाबायच्या असतात, म्हणून त्रास तिथे सर्वांत जास्त. कितीतरी मुलं याच कॉर्डपाशी गिटार सोडून देतात, आणि ते वाद्याच्या दोषामुळे झालं हे त्यांना कधीच कळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

खात्री घरीच करता येईल. एकेक तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते बघा. कागदाच्या जाडीइतकी, जेमतेम दिसेल एवढी हवी. ठळक दिसत असेल तर दोष नटचा. दुसरी परीक्षा कॅपोची. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की नटचा संबंध सुटतो. त्यानंतर तारा एकदम हलक्या लागल्या आणि कॉर्ड सुरात आले तर शंकाच उरली नाही. खाचा मात्र घरी कोरू नका. त्यासाठी प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी बारीक कानस असते. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार खरखरते आणि नटच बदलावा लागतो.

नट ठीक झाल्यावर बाराव्या फ्रेटवर या. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेखाली पावणेदोन ते दोन, एवढ्यावर बहुतेकांचा हात सुखावतो. साडेतीन-चार भरत असेल तर सॅडल उतरवायला हवं. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे एक मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं. घासायचं ते खालून, सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर, थोडं थोडं, दर वेळी तारा चढवून बघत.

दांडीच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना फिरवता येणाऱ्या ट्रस रॉडचं पेटंट १९२३ साली मिळालं. नेहमीच्या हलक्या पोलादी तारांचा संच सुरात लावला की सहा तारा मिळून सत्तर किलोंहून जास्त ओढ देतात. त्या ओढीला ही सळई तोंड देते. तिचं काम दांडीचा बाक राखणं एवढंच. तारा उंच वाटल्या की आधी रॉड पिळायचा, हा प्रकार मी वारंवार पाहतो आणि त्यात चांगली वाद्यं मोडतात. ज्याला रॉड कसा फिरवायचा ते येतं, तोही एका वेळी पाव फेऱ्यापलीकडे जात नाही.

कडेला टोचतं त्याचं कारण तुमचा उन्हाळा. गिटारीच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. विदर्भात एप्रिल-मेमध्ये हवा त्याहून कितीतरी कोरडी होते, फ्रेटबोर्डचं लाकूड आक्रसतं, धातू मात्र आहे तेवढाच राहतो, आणि फ्रेटची टोकं बाहेर डोकावतात. कारागीर ती कानसून गोल करून देतो. कोकणात आणि मुंबईत नेमकं उलटं होतं. पावसाळ्यात पुढची फळी फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा उंच होतात. या किमतीच्या गिटारी बहुधा प्लायच्या असतात. प्लायला लोक नाकं मुरडतात, पण सलग लाकडापेक्षा हवेचे हे फेरे ते जास्त सोसतं. गिटार कूलरसमोर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, खोक्यात ठेवा.

काही दोष मात्र सेटअपने जात नाहीत. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा, मग तिथून सॅडलपर्यंतचं. दुसरं दोन-तीन मिलिमीटरने जास्त असायला हवं. बरंच जास्त किंवा पहिल्याहून कमी भरलं तर ब्रिज चुकीच्या जागी चिकटवला आहे आणि ती गिटार वरच्या पट्टीत कधीच सुरात वाजणार नाही. दांडी पिळलेली असेल, किंवा सॅडल जेमतेम ब्रिजच्या वर डोकावत असूनही तारा उंच असतील, तर दांडीचा कोन चुकलाय. असं वाद्य मुदतीत परत करावं; एवढी मोठी दुरुस्ती या किमतीत परवडत नाही. तुमची मुदत टळली असेल, पण पुढच्या खरेदीला ही मोजमापं खोकं उघडल्याबरोबर करा.

एक गोष्ट सरांनाही सांगा. गिटारीचे फ्रेट बारा समान भागांच्या सप्तकावर बसवलेले असतात. त्यातला गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्शाएवढा, चढा असतो. घरात शास्त्रीय गाणं असेल तर हा चढेपणा कानाला जाणवणारच. तो लाखाच्या गिटारीतही असतो आणि कुठल्याही कारागिराला काढता येत नाही.

तेव्हा नवी गिटार घेऊ नका. आधी हीच कारागिराकडे न्या. नट, सॅडल, फ्रेटची टोकं एवढं काम सांगा आणि त्याच वेळी एक नंबर हलक्या, म्हणजे .०११ च्या तारा चढवून घ्या. नायलॉनच्या तारा लावायचा मोह मात्र टाळा. पोलादी तारांसाठी बांधलेल्या गिटारीत त्या दुबळ्या वाजतात. अमरावतीत गिटारीचा जाणकार न मिळाल्यास नागपूर किंवा पुण्याची खेप करावी लागेल, ती करा. आणि सॅडल घासण्याऐवजी नवं, बुटकं सॅडल बसवून मूळचं उंच परत मागून घ्या. पावसाळ्यात फळी फुगली की बुटकं लावायचं. उन्हाळ्यात ती बसली आणि तारा खरखरू लागल्या की उंच सॅडल गरजेपुरतं घासून लावायचं. तारा सैल केल्या की पाच मिनिटांत बदलता येतं, मुलगीच करेल.