ते दुखणं उन्हाचं नाही, बाई

परवा फोनवर तू बोलता बोलता सांगून गेलीस, की नावेवर दोन फेऱ्या झाल्या की डोकं ठणकतं, मळमळतं, आणि घरी येऊन पडलं की बरं वाटतं. ऊन लागत असेल, म्हणालीस. अगं, ताडपत्री ओढलेल्या नावेत कसलं ऊन? काठावर उतरल्यावर मोकळ्या हवेत जे दुखणं ओसरतं, ते मी ओळखते. तुमच्या इंजिनाचा सायलेन्सर कुठेतरी गळतोय.

हे मला कसं कळतं, ते तुला आजवर सांगितलं नाही. आईच्या कानावर जाऊ नये म्हणून. लग्नानंतरचं दुसरं वर्ष. जानेवारीच्या थंडीत उन्हाळी धानाच्या रोवणीला पाणी चालू होतं. डिझेल इंजिन खोलीत, आणि थंडी म्हणून तुझ्या भाऊजींनी दार लोटून घेतलेलं. मी डबा घेऊन गेले तर त्यांना उठता येईना, जीभ जड झालेली. मी त्यांना ओढत बांधावर आणलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं इंजिन उघडलं, तेव्हा हेडजवळच्या जोडाचं गॅस्केट एका कोपऱ्यात जळून गेलं होतं. फट इतकी बारीक की नख जाणार नाही. पण भोवती मोराच्या पिसासारखी काळी काजळी पसरलेली.

धुराचा वास येतो, डोळे चुरचुरतात, म्हणून तो कळतो. त्याच्यासोबतचा कार्बन मोनॉक्साइड मात्र ना दिसतो ना वास देतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरतो. चालत्या नावेमागे हवा भोवऱ्यासारखी आत ओढली जाते, तेव्हा मागची ताडपत्री उघडी म्हणून निर्धास्त राहू नकोस. आणि कोरोनात घेतलेलं ते बोटाचं यंत्र लावून ९८ दिसलं तरी फसू नकोस. या वायूनं भरलेलं रक्तही त्याला चांगलंच दिसतं. कुणाला भोवळ आली तर आधी इंजिन बंद, माणूस मोकळ्या हवेत, आणि दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच, की इंजिनाचा धूर लागलाय. तिथं प्राणवायू लावतात.

आता शोधायचं कसं, ते जावईबापूंना सांग. इंजिन पूर्ण थंड असताना प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावायचं आणि चालू करायचं. जिथे बुडबुडे फुटतील तिथे गळती. तापायच्या आत हे उरकायचं, नाहीतर पाणी नुसतं वाळून जातं. थंड इंजिनाची टिकटिक कान देऊन ऐका. गरम झालं की लोखंड फुगतं, फट मिटते आणि आवाज दबतो. म्हणूनच मिस्त्री दुपारी येतो आणि काही नाही म्हणून जातो.

बोल्ट मात्र जोर लावून खोलू नका. गंजलेला स्टड आत तुटला की दुखणं दुप्पट. रात्रभर तेल मुरू द्या. जुनं गॅस्केट ओलं करून खरवडा, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ छातीत नको. मग लोखंडी पट्टी आडवी धरून पाहा. खालून उजेड दिसला तर तोंड वाकलंय, ते लेथवर सपाट करून घ्यावं लागेल. नवं गॅस्केट बसवताना मधल्या बोल्टपासून बाहेर, थोडं थोडं, आळीपाळीनं आवळायचं. एकदा चालवून, थंड करून, पुन्हा आवळायचं. ही दुसरी आवळणी लोक टाळतात आणि महिनाभरात गळती परत येते. मळून लावायची लांबी किंवा पत्र्याची पट्टी नको गं. ती तापानं तडकते, आणि तोवर आपण बेफिकीर झालेलो असतो.

समुद्रातल्या मोठ्या बोटींत धुरात पाणी सोडून तो थंड करतात, तिथे रबरी नळ्या आणि त्यांचे क्लॅम्प तपासावे लागतात. तुमचा सायलेन्सर कोरडा आहे, तुमचं काम सोपं आहे.

माझ्या दारापुढची वैनगंगाच खाली तुझ्या पवनीजवळ गोसीखुर्दला अडते. एवढं जवळ असून मी नुसती फोनवर बोलतेय, ते बरं वाटत नाही. तुझे भाऊजी सोमवारी गोंदियाला जाणार आहेत. गॅस्केट तिथूनच आणतील. तोवर नाव बांधून ठेवा, फेऱ्या बुडल्या तरी चालतील. आणि आज संध्याकाळी जोडाचा फोटो पाठव, काजळी पुसायच्या आधी.