शाळेतील प्रार्थनेची सक्ती

प्रश्न : परिपाठातील धार्मिक प्रार्थना म्हणण्याची सक्ती शाळा करू शकते का?

उत्तर : पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास संविधानाच्या अनुच्छेद २८ ने मनाई केली आहे. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय अज्ञान विद्यार्थ्याला उपासनेला बसवता येत नाही. खरा वाद आहे तो कोणती प्रार्थना धार्मिक मानायची, याचा. केंद्रीय विद्यालयांतील संस्कृत-हिंदी प्रार्थनेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०१९ मध्ये घटनापीठाकडे धाडले, ते याचसाठी. केरळमधील बिजो इमॅन्युएल खटल्यात (१९८६) राष्ट्रगीताला आदराने उभ्या राहिलेल्या, पण ते न गाणाऱ्या तीन भावंडांना शाळेत परत घ्यावे लागले. राष्ट्रगीताबाबत जी मुभा, ती प्रार्थनेबाबत नाकारणे कठीणच. हरकत असलेल्या पालकांनी मुख्याध्यापकांना लेखी कळवावे.