गाथा उघडा, मग बोला

निवडणुकीच्या दिवसांत संतांच्या आणि महापुरुषांच्या नावाने फिरणाऱ्या ओळींपासून सावध राहा, असे मी आमच्या दिंडीतल्या प्रत्येकाला सांगतो. इथे तेच जरा सविस्तर सांगतो, कारण अशा चार ओळींनी जुनी सोबत मोडताना मी पाहिली आहे.

आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला तो वारीच्या सोयीसाठी. शिधा कोण आणणार, टँकर कुठल्या मुक्कामी भरून मिळेल, कुणाचे गुडघे दुखतात म्हणून ट्रकमध्ये जागा ठेवायची, एवढेच त्यावर चालायचे. एकादशीला कुणी अभंग टाकायचे, बाकीचे ‘राम कृष्ण हरी’ लिहायचे. २०२४ची विधानसभा निवडणूक आली आणि एका तरुण टाळकऱ्याने एक ‘अभंग’ टाकला. शेवटी ‘तुका म्हणे’ होते आणि मधल्या ओळींचा रोख उघड उघड एका पक्षावर होता. थोड्याच वेळात दुसऱ्या बाजूच्या एकाने बाबासाहेबांचे म्हणून एक वाक्य टाकले. त्याचा मथितार्थ असा की भक्ती माणसाला अधोगतीला नेते. मग खरा वारकरी कोण आणि ढोंगी कोण, इथपर्यंत गोष्ट गेली. जात निघाली. आमचे विणेकरी वयाने सर्वांत मोठे, त्यांच्या पायावर डोके ठेवून आम्ही चालायला लागतो. ते ‘माउली, थांबा आता’ म्हणाले, तर त्यांना ‘तुम्हाला यातले काय कळते’ असे उत्तर मिळाले. समोर बसून हे शब्द त्या मुलाच्या तोंडून निघाले नसते, याची मला खात्री आहे. पुढच्या आषाढीला आमच्यातली काही घरे दुसऱ्या दिंडीबरोबर चालली.

मी त्याच रात्री गाथा काढून बसलो. तो ‘अभंग’ गाथेत कुठेही नव्हता.

हे कसे पाहायचे ते नीट सांगतो, कारण लोकांना वाटते की हे काम पंडितांचे आहे. ते तसे नाही. ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा कुणालाही लावता येते आणि तुकोबांनंतर ती अनेकांनी लावली, म्हणून मुद्रा हा पुरावा धरायचा नाही. आधी अक्षरे मोजावीत. मोठ्या अभंगात चार चरण असतात, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. जोडाक्षर एकच धरायचे. एखादे अक्षर इकडेतिकडे होते, पण आजकाल जुळवलेल्या बहुतेक ओळी या मोजणीतच उघड्या पडतात, कारण लिहिणाऱ्याच्या कानात अभंग नसतो, घोषणा असते. मग गाथेच्या शेवटची अकारविल्हे सूची पाहावी. तिथे अभंग पहिल्या ओळीने लावलेले असतात. फिरणारी ओळ मधली असेल तर इंटरनेटवर गाथेचा शोधता येणारा पाठ आहे, तिथे त्यातले एखादे वेगळे शब्दरूप टाकून पाहावे.

एवढे करूनही ‘हा अभंग तुकोबांचा नाहीच’ असे लगेच ठासून सांगू नये. गाथांमध्ये पाठभेद आहेत. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णुशास्त्री पंडित यांनी संपादलेली, सरकारच्या मदतीने ‘इंदुप्रकाश’ छापखान्यात निघालेली गाथा १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत आली. पुढे वि. ल. भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून वेगळी गाथा छापली. देहूची परंपरा वेगळी, पंढरपूरची वेगळी, जोग महाराजांची प्रत वेगळी. कुठला अभंग अस्सल आणि कुठला प्रक्षिप्त, यावर जाणकार दीडशे वर्षे वाद घालत आले आहेत. म्हणून आपण म्हणावे ते इतकेच की माझ्याजवळच्या अमुक प्रतीत हा सापडत नाही. तुमच्या प्रतीत असेल तर क्रमांक सांगा. हा प्रश्न विचारला की बहुतेक संदेशांचा प्रवास तिथेच थांबतो.

पण तो कुठे विचारायचा, हे त्याहून महत्त्वाचे आहे. मी गाथेच्या सूचीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला, तेव्हा कुणी पान वाचले नाही. ‘तुम्ही कोणत्या पक्षाचे?’ एवढेच मला विचारले गेले. चारचौघांत खोडून काढलेला माणूस आपल्या म्हणण्याला अधिकच घट्ट धरून बसतो. काही दिवसांनी मी गाथा पिशवीत घालून त्या टाळकऱ्याच्या घरी गेलो. त्याची आई चहा ठेवायला गेली, तोवर त्याने स्वतःच सूची चाळली. मी काही बोललो नाही. मग त्याने अर्धा तास मनापासून दुसरेच अभंग वाचले, आणि जाताना ‘काका, ही चार दिवस ठेवू का?’ असे विचारले. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: दुरुस्ती घरी जाऊन करायची, हातात पुस्तक घेऊन, आणि पुस्तक समोरच्याच्या हातात द्यायचे.

बाबासाहेबांच्या वाक्याचे प्रकरण याहून निराळे निघाले, आणि त्यातून मी जास्त शिकलो. ते वाक्य पूर्ण खोटे नव्हते. ते अर्धे कापलेले होते. २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी भक्तीविषयी जे सांगितले त्याचा अर्थ असा: धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकतो; राजकारणात मात्र व्यक्तिपूजा अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. त्याआधी त्यांनी जॉन स्टुअर्ट मिलचा हवाला देऊन बजावले की कितीही मोठा माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायावर वाहू नये. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या तेराव्या खंडात घटना समितीतली भाषणे आहेत. मूळ भाषण वाचल्यावर मला, एका माळकऱ्याला, त्यात रागावण्यासारखे काहीच दिसले नाही. उलट आम्हाला जे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे होते तेच त्यात होते. वारीत आम्ही एकमेकांच्या पाया पडतो, लहान-थोर पाहत नाही. नेत्याला मात्र विठोबाच्या जागी उभे केले की त्याला प्रश्न विचारणे पाप होऊन बसते, आणि मग शेतमालाच्या भावाचा साधा प्रश्नही धर्मद्रोह ठरतो. दोन्ही गट त्या भाषणाच्या एका तुकड्यावरच भांडत होते. पूर्ण परिच्छेद वाचला असता तर दोघांनाही आपापल्या नेत्याविषयी विचार करावा लागला असता.

‘पण एवढा विश्वास ठेवला तर काय बिघडले?’ असे लोक विचारतात. त्यांना मी १८८२ची गोष्ट सांगतो. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी केला. आधार होता हाती आलेल्या पत्रांचा. ती पत्रे बनावट निघाली. आगरकर आणि टिळक यांनी माफी मागितली, तरी दोघांना चार महिन्यांची कैद झाली आणि १०१ दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात राहिले. त्यावर आगरकरांनी पुस्तकही लिहिले. हेतू शुद्ध, बुद्धी तल्लख, तळमळ खरी, तरीही कागद खोटा होता. त्या दोघांना जे चुकवता आले नाही, ते आपल्याला अंगठ्याच्या एका दाबात सहज साधेल असे समजू नये.

आणि कधी कधी बिघडते ते जीवच घेऊन जाते. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते भिक्षुकीवर जगणारे लोक, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, म्हणजे चोखोबांच्या गावाकडचे. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्या भागात फोनवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ अशी खूण आणि दुहेरी बाण दिसला की त्या पाच माणसांची आठवण ठेवा. हे मी अतिशय गंभीरपणे सांगतो आहे.

कायद्याचे थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला रद्द केले आणि ते योग्यच झाले; ते कलम लावून साध्या मतासाठी माणसांना अटक होत होती. पण त्यामुळे काहीही लिहिण्याची मोकळीक मिळाली असे नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गटागटांत वैर वाढवण्यासाठी कलम १९६ आणि धर्मभावना जाणूनबुजून दुखावण्यासाठी कलम २९९ आहे. सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू असल्याशिवाय, ग्रुप अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये म्हटले आहे. तरीही अ‍ॅडमिनने डोळे मिटू नयेत. प्रकरण चौकीपर्यंत गेले की घरातल्या पोरांचा फोन, परीक्षा, नोकरीचा अर्ज, सगळेच त्यात अडकते.

याचा अर्थ राजकारण बोलू नका असा मुळीच नाही. वारकऱ्याने मत द्यावे, सांगावे, भांडावेही. ते स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या शब्दांत करावे. ‘मला या सरकारचा हा निर्णय पटत नाही, कारण अमुक’ असे म्हणायला तुकोबांना साक्षीला उभे करावे लागत नाही. ज्याला स्वतःचे कारण सांगता येत नाही तोच संतांच्या आडून बोलतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आमच्या दिंडीत आता ग्रुपवर फक्त सोयीचे निरोप जातात. मुक्कामावर हरिपाठ झाला की कुणीतरी गाथेतले एक पान आणि दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकातला एक पूर्ण उतारा मोठ्याने वाचतो. कधी आगरकर, कधी बाबासाहेब, कधी गांधीजी. वाद होतात, आवाजही चढतात, पण पान सगळ्यांसमोर असते आणि कुणी उठून जात नाही. दुसऱ्या दिंडीत गेलेल्यांपैकी काही जण अजून परतलेले नाहीत.

तुमच्या गावच्या वाचनालयात गाथा आणि बाबासाहेबांचे खंड आहेत का, ते या आठवड्यात जाऊन बघा. नसतील तर ग्रंथपालांकडे मागणी नोंदवा. बाबासाहेबांचे खंड शासकीय ग्रंथागारात मिळतात. आणि तोवर हातात आलेली ओळ पुढे पाठवू नका.